हलक्या होडीचं गणित

दिनेशचा फोन आला तेव्हा मी कॉलेज सुटल्यावर तलासरीच्या स्टँडवर डहाणूच्या एसटीची वाट पाहत उभी होते. हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजात त्याचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. "काय? मोठ्यानं बोल," असं मी म्हणाले आणि त्या बिचाऱ्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. "वसुधाताई, आमची ताई गेली." मग तो म्हणाला, "तिला खाली कसं आणायचं तेच बघतोय आम्ही. जिना तुम्हाला ठाऊकच आहे..."

जिना मला ठाऊक होता. धाकटी डहाणूत खाडीच्या काठाला तामोरेंचं जुनं घर आहे, त्याच्या माळ्यावरच्या खोलीत जाणारा तो लाकडी जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. दोन्ही बाजूंना भिंती, रुंदी एका माणसापुरती. मी पोचले तेव्हा दिनेश आणि शेजारचे दोघं त्याच्या बहिणीला, हेमाला, खुर्चीत बसवून, चादरीनं बांधून खाली आणत होते. हॉस्पिटलात न्यायची वेळ आली की ती याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खाली यायची. डोळे घट्ट मिटून यायची, आणि खाली पोचेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची नाही. त्या दिवशीही डोळे मिटलेलेच होते. दिनेश मात्र सवयीनं म्हणत होता, "ताई, सांभाळ... आता वळतोय हां, ताई."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा मी नाहीच म्हणाले. हेमाला तिच्याविषयी कुणी बोललेलं खपायचं नाही. पण जे बोललं जातंय ते अर्धवट आहे, म्हणून लिहिते.

हेमा तामोरे तलासरीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी मराठी. आम्ही दोघी डहाणूच्या, त्यामुळे जाणं-येणं बरोबर. मिळेल ती एसटी, नाही मिळाली तर शेअर जीप. ती कोळ्याची मुलगी, वडिलांची स्वतःची होडी होती, आणि त्या वस्तीतून एमएस्सीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. लग्न केलं नव्हतं. "विचारायला आले ते मला आवडले नाहीत, आवडले ते विचारायला आले नाहीत," एवढंच त्यावर म्हणायची. आवाज करडा, चाल भरभर, आणि पदर कायम खोचलेला. मुलं तिला घाबरायची आणि तिच्याच तासाला हजर राहायची. आमची बहुतेक मुलं पाड्यांवरची, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडलं की त्यांची वाचाच बसायची. हेमा फळ्यावर दोन्ही शब्द लिहायची. मोमेंटम, संवेग. कायनेटिक एनर्जी, गतिज ऊर्जा. एकदा तिनं मला विचारलं होतं, "वसू, तुझ्या मराठीत वेग शब्द दोन्हीकडे आला असता तर किती बरं झालं असतं. मुलांना वाटतं ही दोन वेगळ्या गावची माणसं आहेत. एकाच घरातली आहेत गं ती." मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी हसून विषय बदलला होता.

अपघात झाला तो पावसाळा संपून उन्हं तापायला लागली होती त्या दिवसांतला. दुपारी कॉलेज लवकर सुटलं. एसटी नव्हती, जीप मिळाली. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी आमची बारावीची विद्यार्थिनी सुरेखा धोडी बसली आणि तिच्या बाजूला, दाराशी, हेमा. सुरेखाचा पाडा हायवेपासून आत, पण त्या दिवशी ती मावशीकडे डहाणूला निघाली होती. मी मागच्या सीटवर. ड्रायव्हर गाडी दामटत होता. हेमानं त्याला हटकलं. "भाऊ, साठवरून ऐंशीवर नेलीस तर वेग थोडासाच वाढतो असं तुला वाटतं. धडकली तर दणका जवळजवळ दुप्पट बसतो." तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आहात ना, काय होत नाही." रस्त्याच्या कडेला माल भरलेला एक ट्रेलर बंद पडून उभा होता. आमच्या पुढच्या बसनं अचानक बगल दिली, आणि तो ट्रेलर एकदम समोर आला...

आवाज आठवत नाही. नंतरची शांतता आठवते. मी मागच्या दारानं कशी बाहेर पडले ते मला सांगता येणार नाही. कपाळातून रक्त येत होतं, बाकी मी धड होते. ड्रायव्हर त्याच्या बाजूनं निसटला होता आणि रस्त्यात उभा राहून मदतीसाठी हातवारे करत होता. जीपचं तोंड ट्रेलरच्या मागच्या भागाखाली शिरलं होतं. डावी बाजू तर कागदासारखी चुरगळली होती आणि त्या चुरगळ्यात हेमा आणि सुरेखा अडकल्या होत्या. डॅशबोर्डचा पत्रा सुरेखाच्या छातीवर आला होता. हेमाचा उजवा पाय गुडघ्याखाली दिसतच नव्हता. फुटलेल्या काचेतून मला आत हात घालता येत होता, तेवढाच. मी हेमाचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला. "माझा नको. हिचा धर. हिला झोपू देऊ नको."

लोक जमले. कुणीतरी फोन केला. पत्रा कापायचं मशीन घेऊन गाडी निघालीय, पण वाटेत सगळा ट्रॅफिक तुंबलाय, असं कळलं. ते केव्हा पोचेल कुणालाच सांगता येईना. सुरेखाचा श्वास आखूड होत चालला होता. "मॅडम, झोप येते," ती म्हणाली. आणि हेमा, जिचा पाय पत्र्यात चेमटला होता ती हेमा, वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "झोपायचं नाही. सांग मला. दोन गाड्या आहेत, एक जड, एक हलकी. दोघींचा संवेग सारखा. गतिज ऊर्जा कुणाची जास्त?"

सुरेखा म्हणाली, "जडाची."

"चूक. हलकीची. का ते तू सांगायचं."

"नाही येत, मॅडम."

"मग बाहेर आल्यावर मी सांगते. ऐकायला बाहेर यायला पाहिजेस. समजलं?"

ऊन तापतच होतं. मी आयुष्यात इतकी अडकलेली कधीच नव्हते. त्या दोघी आत अडकल्या होत्या, आणि मी बाहेर मोकळ्या रस्त्यावर उभी असूनही मला हलता येत नव्हतं, कारण सुरेखाची बोटं माझ्या बोटांभोवती होती. सुरेखा मधेच पुटपुटली, "गाडी तर थांबली ना मॅडम. मग संपलं ना सगळं... मग का दाबतंय?" हेमा म्हणाली, "संवेग आपण पुढे देऊन टाकला, त्या ट्रेलरला. ऊर्जा मात्र इथेच राहिली. हा जो पत्रा वाकलाय ना, तीच ती." हे ती त्या मुलीला सांगत होती की स्वतःला, ते मला आजही ठरवता येत नाही.

शेवटी एका ट्रकवाल्यानं साखळी काढली. जीप मागे ओढून ट्रेलरखालून काढायची, असं लोकांचं ठरलं. साखळी जीपच्या मागच्या बाजूला अडकवली, ट्रकला बांधली, आणि ट्रकवाला म्हणाला, एक जोरदार झटका देतो, निघेल लगेच. त्याची साखळी रस्त्यावर सैल पडली होती. हेमाला आरशाच्या उरलेल्या तुकड्यातून ते दिसलं असावं. ती ओरडली. तिला तसं ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "झटका नाही! साखळी आधी ताण! सैल ठेवलीस तर तुझा ट्रक वेग घेईल आणि तो सगळा एका क्षणात आमच्या हाडांवर येईल. ताण, आणि मग मुंगीच्या पावलानं ओढ." ट्रकवाला बावचळला. कुणी म्हणालं, बाईला काय कळतंय, ती शुद्धीत नाही. मी काय बोलले ते नीट आठवत नाही, पण मी ट्रकच्या बोनेटसमोर जाऊन उभी राहिले, एवढं आठवतं. मग त्यानं साखळी ताणली आणि ट्रक हळूहळू, दिसेल न दिसेल असा, पुढे सरकवायला लागला.

जीप मागे सरकताना किंचित तिरपी झाली. सुरेखाच्या छातीवरचा पत्रा वर उचलला गेला. तोच पत्रा हेमाच्या बाजूला खाली दबत गेला. मी परत खिडकीशी आले होते. हेमाचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, पांढराफटक. "थांबवू का गं?" मी विचारलं. तिनं मान हलवली. "चालू दे." एवढंच. सुरेखाला लोकांनी बाहेर काढलं, तिनं मोठा श्वास घेतला आणि ती रडायला लागली. त्यानंतर पुन्हा ओढावं लागलं.

हेमाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंबरेलाही मार होता, तो शेवटपर्यंत पुरता बरा झाला नाही. कटर येईपर्यंत थांबले असते तर पाय वाचला असता, असं कुणीतरी हॉस्पिटलात म्हणालं; कुणी म्हणालं, तोवर ती पोरगी राहिली नसती. खरं काय ते कुणालाच माहीत नाही. पण तेव्हापासून तलासरीत आणि डहाणूत एक वाक्य फिरत राहिलं, की तामोरे मॅडमनी मुलीसाठी पाय दिला. हेमा ते ऐकून संतापायची. "मी काही दिलं नाही. मला बाहेर पडायचं होतं, आणि तो गेला. दिला म्हटलं की लोकांना बरं वाटतं, आणि मला इथे बसून रोज थोर असावं लागतं. मला नाही जमत, वसू."

आणि नाहीच जमलं. हे मला मुद्दाम सांगायचंय. अपघातानंतरची हेमा सोशिक वगैरे नव्हती. ती चिडायची, भावजयीवर खेकसायची, जेवणाचं ताट सरकवून द्यायची. खालच्या खोलीत तिला ठेवता येत नव्हतं, कारण उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी उंबरा ओलांडून आत यायचं, जमीन दिवसचे दिवस ओली राहायची. म्हणून माळा. कृत्रिम पाय बसवून पाहिला. कंबर साथ देईना, जखमा व्हायच्या, तो पलंगाखाली गेला. कॉलेजात तिच्या जागी दुसऱ्या सरांची नेमणूक झाली. एक खिडकी, पलीकडे खाडी, ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि त्यात रुतून बसलेल्या होड्या. मी रविवारी जायची. कधी ती बोलायची, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि मी तशीच परत यायची. एकदा म्हणाली, "त्या दिवशी जीपमध्ये बरं होतं गं. माहीत होतं, कुणीतरी पत्रा कापायला येतंय."

विद्यार्थ्यांना तिनं घरी यायला बंदी केली होती. सुरेखा मात्र आली. हात मोडल्यामुळे तिची बारावीची परीक्षा बुडली होती, पुढच्या वर्षी ती पुन्हा बसणार होती. हेमानं वरूनच सांगितलं, "शिकवत नाही मी आता. जा घरी." सुरेखा गेली नाही. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. भावजय, माधुरी, तिला चहा देऊन आली. त्या दिवशी मी वरच होते. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, बाहेर आल्यावर सांगते. मी बाहेर आलेय."

हेमा पलंगावर उठून बसली. तिनं जिन्याच्या भोकाकडे तोंड केलं. मग म्हणाली, "ये वर."

ते गणित तिनं फळ्याशिवाय सांगितलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा ते समजून घेतलं. "लहानपणी बाबा मला आणि दिनेशला गुडघाभर पाण्यात उतरवायचे," ती म्हणाली. "एक होडी मासळीनं भरलेली, एक रिकामी. दोघांचा जोर सारखा धर. बाबा दहा म्हणेपर्यंत दोघांनी एकेक होडी ढकलायची. भरलेली जागची जेमतेम हलायची. रिकामी अशी पळायची की मागे धावत सुटावं लागायचं. जोर सारखा, वेळ सारखा, म्हणून संवेग दोघींना सारखाच मिळाला. पण दम कुणाला जास्त लागला?"

"रिकामीच्या मागं धावला त्याला," सुरेखा म्हणाली.

"का?"

"तो लांबवर ढकलत गेला."

"झालं. किती वेळ ढकललं यावर संवेग. किती अंतर ढकललं यावर ऊर्जा. पुस्तकातलं सूत्र म्हणजे याचीच अक्षरं."

सुरेखा खाली मान घालून बसली होती. बोटानं जमिनीवर काहीतरी रेघोट्या ओढत होती. मग सावकाश म्हणाली, "मग मॅडम... त्या दिवशी तो ट्रेलर जड होता. आपला संवेग त्यानं घेतला. पण तो जड म्हणून त्याला ऊर्जा थोडीच घेता आली. उरलेली जायला जागाच नव्हती. म्हणून पत्रा आपल्यावर आला." 

हेमाचे डोळे भरून आलेले मी तेवढ्या एकाच वेळी पाहिले. "बरोबर," ती म्हणाली. "पूर्ण मार्क."

नंतर सुरेखा आठवड्यातून एकदा यायला लागली, तिच्यामागून आणखी काही मुलं आली, त्या माळ्यावर पुन्हा आवाज घुमायला लागला. इथे ही गोष्ट गोड करता येईल, पण तशी ती झाली नाही. सुरेखा चांगल्या मार्कांनी पास झाली. हेमाचं स्वप्न होतं तिनं बीएस्सी करावं, फिजिक्स घेऊन. सुरेखा उंबरगावच्या एका कंपनीत औषधांच्या पॅकिंगला लागली. घरी दोन लहान भावंडं होती, बाप आजारी होता. सांगायला आली तेव्हा हेमा तिला नको नको ते बोलली. "एवढं डोकं घेऊन डबे भरणार तू? मग कशाला बाहेर आलीस तिथून?" सुरेखा शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हाला जिना आहे. मला पण आहे." आणि निघून गेली. पुढे कित्येक महिने ती आली नाही. हेमानं नाव काढलं नाही, पण खाली कुणाचीही चाहूल लागली की ती बोलता बोलता थांबायची. पुन्हा आली ती चिकूची पिशवी घेऊन. दोघींनी झालेल्या भांडणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. हेमा चिकू सोलत बसली आणि सुरेखा तिला कंपनीतल्या मशीनच्या पट्ट्याविषयी सांगत बसली. तो एकदम थांबवला की बाटल्या का पडतात, याविषयी.

नंतर हेमाची प्रकृती ढासळत गेली. कंबरेचं दुखणं वाढलं, मग मूत्रपिंडाचा संसर्ग, ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. शेवटच्या रविवारी मी गेले तेव्हा ती ग्लानीत होती. मला ओळखलं. "भरती आहे का गं?" विचारलं. मी खिडकीतून पाहिलं. ओहोटी होती. "चढतंय पाणी," मी म्हणाले. तिनं मान डोलावली. तीन दिवसांनी दिनेशचा फोन आला. अंत्ययात्रेला सुरेखा थेट ड्यूटीवरून आली होती, कंपनीची निळी टोपी हातात चुरगाळलेली. ती रडली नाही. खुर्चीची चादर सोडवायला मात्र तीच पुढे झाली.

गेल्या आठवड्यात माधुरीनं मला बोलावलं. वरची खोली झाडून घ्यायची होती, पुस्तकं कुणाला द्यायची ते विचारायचं होतं. दुपारी आम्ही दोघी ते काम करत होतो. निघताना जिना उतरायला म्हणून मी भिंतीवरचा पाइप धरला. दिनेशनं तो हेमाच्या शेवटच्या दोन वर्षांत बसवला होता, तिला आधार व्हावा म्हणून, आणि होडीचा उरलेला हिरवा रंग त्याला फासला होता. हेमानं तेव्हा त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. "शोभेला राहू दे," म्हणाली होती. माझ्या हाताला तो गुळगुळीत लागला. मी पाहिलं. वरच्या टोकाला हिरवा रंग पुरता उडाला होता, आतलं लोखंड हाताच्या घामानं काळं, चकचकीत झालं होतं.

मी माधुरीकडे वळून पाहिलं. ती वरच्या पायरीवर झाडू घेऊन उभी होती.

"दुपारी," ती म्हणाली. "आम्ही झोपलो असं वाटलं की उतरायच्या. बसून, एकेक पायरी, हा पाइप धरून. मला आवाज यायचा. मी कधी उठले नाही. ह्यांनाही सांगितलं नाही. कुणी बघितलं असं कळलं असतं तर परत उतरल्या नसत्या."

"आणि मग?"

"मग परत वर. तसंच, बसत बसत. लई वेळ लागायचा."

मी पाइपावरून हात न उचलता खाली उतरत गेले. लोखंड गार आणि गुळगुळीत होतं, एक पायरी, आणखी एक, आणखी एक... जिन्याच्या जवळजवळ मध्यावर हाताला एकदम खरखरीत रंग लागला. तिथून खाली उंबऱ्यापर्यंत पाइप नवाकोरा हिरवा होता. मी तिथेच, त्या पायरीवर बसले. तिथून दाराच्या चौकटीतून खाडीची एक पट्टी दिसते. पाणी चढत होतं, आणि चिखलात रुतलेली एक रिकामी होडी हलायला लागली होती. माधुरीनं वरून विचारलं, "वसुधाताई, बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "बरी आहे. बसते थोडा वेळ."